अडॅप्टर लावला की वाइड लेन्स सॉफ्ट का जाते? सिनेमा कॅमेऱ्यावरील एका नेहमीच्या तक्रारीचे निवारण

तक्रार साधारणपणे अशी असते. सिनेमा कॅमेऱ्यावर दुसऱ्या माउंटच्या, म्हणजे वेगळ्या जोडणीच्या, लेन्स वापरता याव्यात म्हणून तिसऱ्याच उत्पादकाचा अडॅप्टर, म्हणजे मधले जोडकडे, घेतलेला असतो. ५० मिमी आणि त्यापुढच्या लेन्स त्यावर बिनतक्रार चालतात, पण १८ किंवा २४ मिमीची लेन्स चढवली की दूरचे दृश्य सॉफ्ट, म्हणजे पुसट, येते, लेन्सवरचे अंतराचे आकडे टेपने मोजलेल्या अंतराशी जुळत नाहीत, आणि झूम लेन्स असेल तर टेलीला (लांब टोकाला) नेमका केलेला फोकस वाइडला (रुंद टोकाला) येईपर्यंत निसटलेला असतो. छोट्या मॉनिटरवर हे दिसत नाही, संकलनाच्या वेळी मोठ्या पडद्यावर दिसते. मग खापर फोकस पुलरवर, म्हणजे फोकस सांभाळणाऱ्या साहाय्यकावर, फुटते, नाहीतर लेन्सवर. लेन्स दुरुस्तीला जाते, निर्दोष ठरून परत येते, आणि पुढच्या चित्रीकरणात तीच लेन्स त्याच जागी पुन्हा सॉफ्ट जाते.

माझ्या अनुभवात अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा लेन्समध्ये नसून अडॅप्टरच्या जाडीत असते, आणि तो दोष मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतका बारीक असल्यामुळे डोळ्यांना कधीच दिसत नाही. म्हणून स्क्रू सैल करण्याआधी हा दोष कसा ओळखायचा, हे आधी पाहू.

जाडीचा हिशेब

प्रत्येक माउंटचे एक ठरलेले फ्लँज अंतर असते, म्हणजे लेन्स ज्या धातूच्या कड्यावर टेकते तिथपासून सेन्सरच्या प्रतलापर्यंतचे अंतर. सिनेमा लेन्सच्या पीएल माउंटसाठी ते ५२.०० मिमी आहे, कॅनन ईएफसाठी ४४.००, निकॉन एफसाठी ४६.५०, लायका एमसाठी २७.८०, मायक्रो फोर थर्ड्ससाठी १९.२५, कॅनन आरएफसाठी २०.०० आणि सोनी ई माउंटसाठी १८.०० मिमी. अडॅप्टरने या दोन आकड्यांमधला फरक भरून काढायचा असतो. ईएफ लेन्स ई माउंटवर बसवायची तर अडॅप्टर २६.०० मिमी जाड हवा, पीएल लेन्स बसवायची तर ३४.०० मिमी. पीएल लेन्स ईएफ माउंटच्या कॅमेऱ्यावर न्यायची झाल्यास हाती फक्त ८.०० मिमी उरतात. उलट दिशेने, ईएफ लेन्स पीएल माउंटच्या कॅमेऱ्यावर लावण्यासाठी जागाच उरत नाही. मध्ये भिंग घातल्याशिवाय ती अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या दृश्यावर, फोकस होणार नाही, आणि हा दोष कोणत्याही शिमने, म्हणजे जाडी भरून काढणाऱ्या पातळ चकतीने, सुटणारा नाही. अशी जोडी विकत घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

आता अडॅप्टर फक्त ०.०५ मिमी जास्त जाड निघाला असे समजा. ही जाडी साध्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याच्या आसपास येते. १८ मिमीची लेन्स अनंताच्या खुणेवर ठेवली, तर ती प्रत्यक्षात सुमारे साडेसहा मीटरवर फोकस होईल. नाभीय अंतराचा (लेन्सच्या मिमीतल्या आकड्याचा) वर्ग भागिले चूक, म्हणजे ३२४ भागिले ०.०५, म्हणजे ६,४८० मिमी, एवढे सोपे ते गणित आहे. तीच चूक ८५ मिमीच्या लेन्सला लावली तर उत्तर १४० मीटरच्याही पुढे जाते, आणि १४० मीटर व अनंत यांतला फरक व्यवहारात कोणाच्या लक्षात येत नाही. लांब लेन्स चालते आणि वाइड चालत नाही, याचा उलगडा एवढ्या एका भागाकारात होतो. वाइड लेन्सला डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, जास्त असल्यामुळे तिचा फोकस चुकणे कठीण, हा समज लेन्सच्या पुढच्या बाजूपुरता खरा आहे. मागच्या बाजूला, सेन्सरपाशी, वाइड लेन्स सर्वांत नाजूक असते.

मागच्या बाजूला किती सवलत मिळते, तेही पाहून घ्यावे. भ्रमवर्तुळाची, म्हणजे डोळ्याला अजून स्पष्ट वाटणाऱ्या ठिपक्याच्या आकाराची, मर्यादा ०.०२५ मिमी धरली आणि अपर्चर, म्हणजे लेन्समधले उजेडाचे छिद्र, एफ २ ठेवले, तर सेन्सरपाशी पुढे आणि मागे प्रत्येकी जेमतेम ०.०५ मिमीची मुभा राहते. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या अडॅप्टरने ती सगळी खाऊन टाकली. अपर्चर एफ ८ केले की हीच मुभा चौपट होते आणि दोष झाकला जातो. दिवसाच्या उजेडात ठीक वाटणारा अडॅप्टर रात्रीच्या दृश्यात उघडा पडतो, तो त्यामुळे.

बाजारातले बरेच स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, जेणेकरून कुठलीही लेन्स अनंतापर्यंत पोहोचलीच नाही अशी तक्रार येऊ नये. छायाचित्रकाराला त्याने फारसे बिघडत नाही, कारण तो आकडे न पाहता पडद्यावर बघून फोकस करतो. सिनेमाच्या सेटवर मात्र फोकस पुलर लेन्सवरच्या आकड्यांवर आणि टेपवर विसंबून काम करत असतो, आणि तिथे पातळ अडॅप्टर जाड अडॅप्टरइतकाच त्रासदायक ठरतो.

दोष अडॅप्टरचाच आहे, हे सिद्ध करणे

ही पायरी वगळून थेट शिम घालायला बसणारे लोक आगीतून फुफाट्यात जातात. लेन्स, अडॅप्टर आणि कॅमेरा या तिघांपैकी कोण खोटे बोलत आहे, हे ठरवायला किमान दोन लेन्स आणि शक्य असल्यास त्याच प्रकारचा दुसरा अडॅप्टर लागतो. एक लेन्स १८ ते २५ मिमीमधली, हाताने फोकस करायची, अंतराच्या खुणा पक्क्या कोरलेली आणि अलीकडेच कोलिमेटरवर, म्हणजे लेन्सचा फोकस तपासण्याच्या यंत्रावर, तपासलेली असावी. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माउंटची ऑटोफोकस लेन्स या कामी निरुपयोगी आहे, कारण तिची रिंग बहुधा यांत्रिकरीत्या जोडलेली नसते आणि ती अनंताच्या पलीकडेही फिरते. कॅमेऱ्याचा सेन्सर जागेवर नसला तरी ती गुपचूप सांभाळून घेते.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवावा आणि सेन्सरच्या प्रतलाची खूण, म्हणजे वर्तुळावर आडवी रेघ असलेले चिन्ह, तिथपासून टेपने मोजून बरोबर २ मीटरवर सीमेन्स तारा (मध्याकडे निमुळत्या होणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तक्ता) किंवा बारीक छपाईचा तक्ता लावावा. अपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, चित्र मोठे करून पाहावे, आणि पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडा दाखवणाऱ्या, रंगीत रेषांवर विसंबू नये, कारण त्या फोकसच्या अलीकडे-पलीकडेही तितक्याच उत्साहाने चमकतात. रिंग एकदा जवळच्या बाजूने आणि एकदा दूरच्या बाजूने फिरवत आणून तारा सर्वांत स्पष्ट होईल तिथे थांबावे आणि लेन्सवरचा आकडा लिहून घ्यावा. हे तीन-चार वेळा करावे. एकदाच केलेल्या मोजणीवर मी तरी भरवसा ठेवत नाही.

आकड्याचा अर्थ असा लावायचा. तक्ता २ मीटरवर असताना रिंग २.९ मीटरच्या आसपास दाखवत असेल, तर १८ मिमीच्या लेन्ससाठी त्याचा अर्थ अडॅप्टर सुमारे ०.०५ मिमी जाड आहे. रिंग दीड मीटरच्या जवळपास दाखवत असेल, तर तो तेवढाच पातळ आहे. थोडक्यात, रिंग टेपपेक्षा दूरचे सांगत असेल तर जाड, जवळचे सांगत असेल तर पातळ. आता तीच परीक्षा ८५ मिमीच्या लेन्सने करावी. दोष जाडीचा असेल तर २ मीटरवर तिथे फक्त अडीच-तीन सेंटिमीटरचा फरक येतो. वाइडला मोठा आणि लांब लेन्सला नगण्य, हा नमुना दिसला की फ्लँज अंतराचे निदान जवळपास निश्चित होते. दोन्ही लेन्सच्या चुकांत असा संबंध नसेल आणि एकच लेन्स चुकत असेल, तर दोष त्या लेन्सचा. दुसरा अडॅप्टर लावूनही दोन्ही लेन्स तेवढ्याच आणि त्याच दिशेने चुकल्या, तर कॅमेऱ्याचा बॅक फोकस, म्हणजे माउंटपासून सेन्सरचे अंतर, तपासायला हवा. काही सिनेमा कॅमेऱ्यांत त्याची यांत्रिक जुळवणी करण्याची सोय असते, काहींत ते काम कारखान्यातच होते.

पारफोकल, म्हणजे झूम करताना फोकस न सुटणारा, सिनेमा झूम हाताशी असेल तर आणखी एक जलद परीक्षा आहे. टेलीला फोकस करावा आणि रिंगला हात न लावता वाइडला यावे. टेलीला क्रिस्प आणि वाइडला सॉफ्ट, हे फ्लँजच्या चुकीचे लक्षण. स्थिरचित्रणासाठी बनवलेले पुष्कळ झूम मुळातच पारफोकल नसतात, म्हणून त्यांच्यावरून हा निष्कर्ष काढू नये.

ड्रॉप-इन फिल्टरचा, म्हणजे खाचेत फिल्टर सरकवता येणारा, अडॅप्टर असेल तर शिमकडे वळण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. लेन्सच्या मागे बसवलेली काच फोकसचे प्रतल आपल्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकवते. १ मिमीची काच म्हणजे ०.३३ मिमी, आणि वरच्या हिशेबात हा आकडा प्रचंड आहे. असा अडॅप्टर काचेसह जुळवलेला असतो. एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) काढून खाच रिकामी ठेवली की वाइड लेन्सचे आकडे पार कोलमडतात. एनडी नको असेल तेव्हा त्याजागी तेवढ्याच जाडीची पारदर्शक काच घालायची असते, आणि नेमकी तीच काच बॅगेच्या तळाशी राहून गेलेली असते.

शिमचे काम

अडॅप्टरच्या एका किंवा दोन्ही टोकांचे कडे साधारणपणे चार किंवा सहा स्क्रूंनी बसवलेले असते आणि त्याखाली शिम घालता येते. अडॅप्टर पातळ असेल तर काम सरळ आहे: कडे काढायचे, हव्या त्या जाडीची पितळी किंवा पोलादी शिम घालायची, स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे-थोडे आवळत न्यायचे आणि पुन्हा तक्त्यासमोर जायचे. शिम ०.०१, ०.०२, ०.०५ मिमी अशा जाडीच्या मिळतात. कागद किंवा साधी चिकटपट्टी वापरू नये. ती दाबली जाते, ओल शोषते, आणि आज जुळवलेला आकडा आठवड्याने बदलतो. अडॅप्टर जाड असेल तर आधी आत घातलेली शिम आहे का ते पाहावे, असल्यास ती काढावी किंवा पातळ घालावी. शिमच नसेल तर लेथवर धातू उतरवणे एवढाच मार्ग राहतो. ते घरी करायचे काम नाही. कानशीने तर कधीच नाही.

चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी सॉफ्ट असेल, तर सरासरी जाडी बरोबर असूनही कडे तिरके बसलेले असते. सपाट भिंतीवर चारही कोपऱ्यांत सारखे तक्ते लावले की हे लगेच दिसते. अडॅप्टरची जाडी मायक्रोमीटरने परिघावर चार ठिकाणी मोजावी. साध्या व्हर्नियरची अचूकता इथे पुरत नाही. मला एकदा दोन दिवस छळलेला दोष अखेर असा निघाला की चारपैकी एका स्क्रूखाली बारीक धातूचा कीस अडकला होता. तो दिसत नव्हता, नखाला मात्र लागत होता. तेव्हापासून मी कडे बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पुसून त्यांवरून नख फिरवतो.

तापमानाचाही थोडा वाटा असतो. २६ मिमीचा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर ३० अंशांच्या फरकाने सुमारे ०.०१८ मिमी वाढतो. एकट्याने हा आकडा मोठा नाही, पण आधीच ०.०३ मिमीची चूक असेल तर तो भर घालतो. म्हणून थंड खोलीत जुळवलेला अडॅप्टर उन्हातल्या कामाआधी पुन्हा एकदा तक्त्यासमोर न्यावा.

फोकल रिड्यूसर, म्हणजे प्रतिमा लहान करणारा भिंगांचा संच, असलेल्या अडॅप्टरचे प्रकरण वेगळे आहे. ०.७१ पटीचा रिड्यूसर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड वाढवतो, म्हणजे एफ २ ची लेन्स एफ १.४ सारखी वागते, आणि त्यामुळे सेन्सरपाशीची मुभा ०.०५ वरून ०.०३५ मिमीवर उतरते. काहींमध्ये आतला भिंगांचा संच आट्यांवर बसवलेला असतो आणि लहान स्क्रू सैल करून तो फिरवता येतो. फिरवण्याआधी मूळ जागेवर पेन्सिलीने खूण करावी, एका वेळी अगदी थोडे फिरवावे आणि दर वेळी सर्वांत वाइड लेन्सने तपासावे. ही खूण न करता संच फिरवला की परतीची वाट राहत नाही.

ढिलेपणा

सकाळी जुळलेला फोकस दुपारी बिघडत असेल, तर जाडीपेक्षा ढिलेपणाचा संशय आधी घ्यावा. अडॅप्टर लावला की एका जोडाचे दोन जोड होतात आणि प्रत्येकाची स्वतःची थोडी हालचाल असते. मॉनिटरवर जाळीच्या रेषा आणाव्यात, स्थिर वस्तूवर फोकस करावा आणि फॉलो फोकस (फोकसची रिंग फिरवणारे चाक) पुढे-मागे करावा. दिशा बदलताना चित्र क्षणभर बाजूला उडी मारत असेल किंवा किंचित फिरत असेल, तर जोड सैल आहे. दोन किलोची पीएल लेन्स केवळ ई माउंटच्या बारीक पाकळ्यांवर लोंबकळत ठेवणे हे त्या माउंटवर अन्यायच आहे. १५ मिमीच्या रॉडवर लेन्स सपोर्ट लावावा, अडॅप्टरला स्वतःचा पाय असेल तर तो बेसप्लेटला जोडावा. सपोर्ट लेन्सला वर ढकलणार नाही, फक्त तिचे वजन झेलेल, इतकाच चढवावा. जास्त चढवला की तोच तिरकेपणा निर्माण करतो.

आयरिस गायब होणे

इलेक्ट्रॉनिक अडॅप्टरची नेहमीची तक्रार म्हणजे पडद्यावर अपर्चरच्या जागी रेघा दिसणे, किंवा चालू शॉटमध्ये आयरिसने (अपर्चरच्या पात्यांनी) प्रतिसाद देणे बंद करणे. ईएफ माउंट १९८७ मध्ये आला तेव्हापासून त्यातले अपर्चर पूर्णपणे विजेवर चालते, आणि कॅमेरा व लेन्स यांच्यातली संदेशांची भाषा त्रयस्थ उत्पादकांना बहुतांशी उलगडून काढावी लागली आहे. त्यामुळे एखादी लेन्स चालते आणि तिचीच धाकटी आवृत्ती चालत नाही, याचे नवल वाटून घेऊ नये. धोका असा की वीज तुटली तर ईएफ लेन्सची पाती शेवटच्या जागी तशीच राहतात. चित्र काळे पडत नाही, म्हणून बिघाड उशिरा कळतो.

इथेही आधी यांत्रिक कारण पाहावे. कॅमेरा चालू ठेवून लेन्स तिच्या नैसर्गिक ढिलेपणाएवढीच हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवावी. त्या हालचालीने आयरिसचा आकडा जात-येत असेल, तर दोष संपर्काच्या पिनांचा आहे, आणि वर सांगितलेला सपोर्ट हाच पुष्कळदा त्याचा इलाज ठरतो. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात. पॉलिश पेपर लावू नये, त्याने वरचा सोन्याचा मुलामा जातो. जोडताना कॅमेरा बंद ठेवून आधी लेन्स अडॅप्टरला आणि मग दोन्ही मिळून कॅमेऱ्याला लावावे. एवढ्याने भागले नाही तर फर्मवेअर, म्हणजे आतले सॉफ्टवेअर. कॅमेऱ्याचे फर्मवेअर अद्ययावत केल्यावर अडॅप्टर अबोल झाल्याची उदाहरणे बरीच आहेत, म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी दोन्हींपैकी काहीही बदलू नये आणि चालणाऱ्या जोडीचे आवृत्ती क्रमांक लिहून ठेवावेत.

संपर्क नसलेला साधा अडॅप्टर असेल तर कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही. काही कॅमेऱ्यांत लेन्सशिवाय रेकॉर्डिंगची परवानगी देणारा पर्याय चालू करावा लागतो, आणि सेन्सरचे स्थिरीकरण असेल तर लेन्सचे नाभीय अंतर हाताने भरावे लागते. लेन्स बदलली आणि हा आकडा जुनाच राहिला, की चित्र जेलीसारखे हलते आणि दोष अकारण अडॅप्टरला दिला जातो.

काळे चित्र मध्यभागी धुरकट दिसत असेल, तर अडॅप्टरच्या आतल्या चकचकीत भिंतीवरून उजेड परावर्तित होत असतो. आत काळा मखमली कागद लावल्यास बहुतेक वेळा भागते, मात्र त्याचे तंतू सेन्सरवर पडणार नाहीत याची खात्री करावी. उजेड फटीतून येत असल्याचा संशय असेल तर लेन्सला झाकण लावून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवून, जोडाभोवती टॉर्च फिरवावा.

एवढे करूनही दोष उरला तर कोलिमेटर असलेल्या कार्यशाळेकडे जावे, आणि जाताना फक्त अडॅप्टर नेऊ नये. तोच कॅमेरा, तोच अडॅप्टर आणि किमान एक वाइड लेन्स असा पूर्ण संच न्यावा, सोबत टेपचे अंतर, रिंगवरचा आकडा, अपर्चर आणि तापमान लिहिलेला कागद द्यावा. जुळवून आलेल्या अडॅप्टरवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहिलेली पट्टी चिकटवावी, आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर तो चढवायची वेळ आली तर त्याला न जुळवलेला समजून पुन्हा २ मीटरच्या तक्त्यासमोर उभे करावे.